एकादशीचं चॉकलेट

वणीजवळच्या राजूरच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो तेव्हा आमच्या घरात तीन आवाज होते. एक खाणीचा भोंगा, दुसरा आत्याच्या झांजा आणि तिसरं माझं तोंड. पहिल्या दोन्हींना वेळकाळ आहे, तिसऱ्याला नाही, असं बाबा म्हणायचे. ते खाणीच्या ऑफिसात बडेबाबू होते. पांढरं धोतर नेसून जायचे आणि राखाडी होऊन परत यायचे. कोळशाची बारीक भुकटी सगळीकडे असायची. वाळत घातलेल्या पापडांवर, तुळशीच्या पानांवर, पाण्याच्या गुंडावर. आत्या दिवसातून दहा वेळा ओलं फडकं फिरवायची आणि दर वेळी त्या फडक्याकडे पाहून म्हणायची, "पाय बाप्पा, हे असं फुफ्फुसात जाऊन राह्यलं आपल्या." मला मात्र राजूर फार आवडायचं. ट्रकांची घरघर, वॅगनींची आदळआपट, पाळी सुटली की रस्त्यावरून वाहणारी काळ्या तोंडांची आणि पांढऱ्या दातांची माणसं. दारव्ह्याला आत्याच्या सासरगावी गेलं की इतकी शांतता असायची की मला ताप यायचा.

आई मी लहान असतानाच गेली. तिचा चेहरासुद्धा मला फोटोतूनच माहीत. मला वाढवलं ते आत्याने. आत्याचं नाव गोदावरी, पण त्या नावाने तिला कोणी हाक मारत नव्हतं. बाबांची ती अक्का, माझी आत्या आणि बाकी सगळ्या राजूरची आत्याबाई. तिचे यजमान दारव्ह्याला तापाने गेले आणि ती भावाकडे आली, एवढंच मला ठाऊक होतं. ती आली आणि तिने घराचा ताबा घेतला. तिच्या हातची अंबाडीची भाजी, वर लसणाची लाल फोडणी आणि ज्वारीची गरम भाकर, हे मी आजही करून बघते आणि आजही ते तसं होत नाही. सोवळंओवळं कडक, एकादश्या कडक, आणि राग त्याहून कडक. पण थंडीत माझ्या पायांना तेल चोळल्याशिवाय ती कधी झोपली नाही. आत्याला मी घाबरायची नाही. मी तिला ओळखून होते, असं मला वाटायचं.

मी मॅट्रिक पास झाले आणि आमच्या घरात भांडण सुरू झालं. मला नागपूरला नर्सिंगला जायचं होतं. हे खूळ डोक्यात घातलं खाणीच्या डॉक्टरांच्या बायकोने, असं आत्याचं म्हणणं. ते खरं नव्हतं. खूळ माझंच होतं, लीनाबाईंनी फक्त त्याला खतपाणी घातलं. लीनाबाई गोव्याच्या, लग्नाआधी नर्स होत्या, आणि खाणीत कोणाला दगड लागला की साडीचा पदर खोचून नवऱ्याच्या आधी दवाखान्यात हजर व्हायच्या. सुट्टीत मी त्यांच्यासोबत बँडेज गुंडाळायला जायची. "ह्या पोरीचे हात थरथरत नाहीत हो," असं त्यांनी एकदा माझ्या बाबांना सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी स्वतःला अर्धी नर्सच समजत होते. नागपूरच्या दवाखान्यात त्यांची ओळख होती, त्या शब्द टाकायला तयार होत्या. बाबा म्हणाले, "अक्का हो म्हणाली तर माझी ना नाही." आणि अक्का काही हो म्हणेना.

"परक्या माणसाची घाण काढायले पोरगी पाठवू? काहून? घरी खायले नाही का तुले?"

"आत्या, ते सेवेचं काम आहे."

"मंग माही सेवा कर. माह्ये गुडघे दुखून राह्यले."

वर आणखी एक मुद्दा होता. डॉक्टरांच्या घरी बाटली होती. ते दारूबंदीचे दिवस. डॉक्टरांना परमिट होतं आणि त्यावर महिन्याकाठी जी काय मिळायची ती बाटली त्यांच्या कपाटात उभी असायची. डॉक्टर मोठे हसरे गृहस्थ, कधी कोणी त्यांचा तोल गेलेला पाहिला नाही. पण आत्याने त्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. मी जायची त्यालाही तिची हरकत होती, पण बँडेज पुण्याचं काम म्हणून ती गप्प बसायची. "थ्या घरचं पाणीही तोंडात घालू नको," एवढं मात्र दर वेळी बजावायची.

नाताळ जवळ आला आणि लीनाबाई अंगणात पाय घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि बाई रडायला लागल्या. हाताच्या दुखण्याने नाही, चॉकलेटच्या दुःखाने. दर नाताळला त्या एक चॉकलेटचा प्रकार करायच्या आणि रंगीत कागदात बांधून मॅनेजरपासून कंपाउंडरपर्यंत सगळ्यांकडे पाठवायच्या. राजूरमध्ये भट्टी नव्हती, ओव्हन कोणी पाहिलेला नव्हता, म्हणून केक नाही. हा प्रकार विस्तवाशिवाय व्हायचा. मारी बिस्किटं कुटून त्यांचा चुरा, त्यात नागपूरहून आणलेल्या डब्यातला कोको, डब्यातलंच घट्ट गोड दूध, अक्रोडाचे तुकडे, आणि आठवडाभर रममध्ये भिजत घातलेल्या मनुका. सगळं मळायचं, तळहातावर गोळ्या वळायच्या, कोकोत घोळवायच्या आणि झाकून ठेवायच्या. डिसेंबरची वणीकडची थंडी बाकीचं काम करायची.

"बाई, तुम्ही सांगा, मी करते," मी म्हटलं. आणि केलं. मला सांगायला अजिबात लाज वाटत नाही, पहिल्याच दिवशी माझ्या गोळ्या बाईंच्यापेक्षा सुबक झाल्या. जिने आत्याच्या नजरेखाली दिवाळीचे बेसनाचे लाडू वळलेत तिला चॉकलेट काय अवघड! आता माझी नात मोबाईल समोर ठेवून हेच करते, काचेच्या वाटीत मोजून मापून, थर्मामीटर लावून. मी बाजूला खुर्चीवर बसते, मधुमेह असल्यामुळे मला फक्त बघायला मिळतं. तरी मी तिला सांगते, अगं, मिश्रण हाताला सांगतं त्याला काय कमी आहे ते. ती म्हणते, आज्जी, ग्लोव्हज घाल.

तर गोळ्या वळता वळता माझ्या डोक्यात डाव शिजला. नाताळच्या आधी एकादशी येत होती. आत्याच्या एकादशीला आमच्याकडे क्वार्टरमधल्या बायका भजनाला जमायच्या. मी विचार केला, आत्याचा आक्षेप काय? परक्या घरचं शिजलेलं खायचं नाही. हे तर शिजवतच नाहीत, विस्तवाशी याचा संबंधच नाही! फळ खातो, दूध पितो, तसंच हे. मग उपवासाचा प्रश्न. बिस्किटात मैदा, तो चालणार नाही. तर बिस्किटं काढून टाकू. आपल्याच शेगडीवर, सोवळ्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट, खजूर आणि खोबऱ्याचा कीस घालू. कोको म्हणजे काय, तर झाडाच्या फळाचं बी. आणि मनुका रमऐवजी संत्र्याच्या रसात भिजवू. आत्याने त्या घरची एक गोळी तोंडात घातली, तिला आवडली, चार बायकांनी नावाजली की तिचा त्या घरावरचा राग निम्मा उतरेल. मग नागपूरची गोष्ट काढायची. मी लीनाबाईंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या प्लास्टरचा हात पोटाशी धरून हसल्या. "तू वकील हो गो, नर्स कायले?" इतकी वर्षं राजूरला काढून त्यांच्या बोलण्यात असं अर्धं गोवा आणि अर्धं वऱ्हाड झालं होतं.

आत्याला मी आधी सगळं सांगितलं. लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही. बिस्किट नाही, अंडं नाही, बाटलीतलं काही नाही, शेंगदाणे आपल्या घरचे, संत्री मी स्वतः सोलून पिळली. आत्याने बराच वेळ विचार केला. तिला न पटणारी गोष्ट नियमात बसत असली की तिची फार पंचाईत व्हायची.

"थ्या घरचा विस्तव नाही लागला?"

"नाही."

"धान्य नाही?"

"एक दाणा नाही."

"मंग चालते," ती म्हणाली. अगदी नाइलाज झाल्यासारखं म्हणाली, पण म्हणाली.

मनुकांच्या दोन बरण्या लीनाबाईंच्या फडताळात शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. रमची मोठी, संत्र्याच्या रसाची लहान. लहान बरणीला मी पांढरा दोरा बांधला होता, म्हणजे चूक नको. चूक माझ्याकडून झालीही नाही. एकादशीच्या आदल्या दिवशी मी दोऱ्याच्या बरणीतल्या मनुका काढल्या, आमच्या पितळी डब्यातलं कूट घातलं, गोळ्या वळल्या, खोबऱ्यात घोळवल्या आणि लीनाबाईंच्याच ताटात मांडून घरी आणल्या. मनुकांचा मी काही वास घेतला नाही. घेतला असता तरी कळलं नसतं. लीनाबाईंच्या स्वयंपाकघराला नाताळात एकच वास असायचा, गोड, जड, नाकात रेंगाळणारा, आणि मी तो चॉकलेटचा वास समजत होते. ज्या घरात जन्मभर दारूचा थेंब आला नाही तिथल्या मुलीला तो कसा ओळखू यावा?

एकादशीच्या दुपारी बायका जमल्या. आत्याने आधी एक गोळी तुळशीचं पान ठेवून बाळकृष्णापुढे मांडली. दोन अभंग झाल्यावर मी ताट फिरवलं. मला आजही त्या बायकांचे चेहरे दिसतात. शाळेच्या मास्तरीणबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. "काय बाई चव आहे! घशाखाली उतरते तर कशी ऊब येते!" दुसरी म्हणाली, "थंडीचं औषधच म्हणा ना." मास्तरीणबाईंनी दुसरी घेतली, तिसरीकडे हात गेला. मी फुगून ढोल झाले होते. आत्याकडे बघितलं. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिने आपली गोळी उचलली, अर्धी तोंडात घातली.

आणि थांबली. चावलं नाही, गिळलं नाही. उठली, मागच्या दाराने अंगणात गेली. चूळ भरल्याचा आवाज आला, पुन्हा भरल्याचा, पुन्हा. परत आली तेव्हा तिचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. तिने माझ्या हातातून ताट घेतलं आणि अगदी नेहमीच्या आवाजात बायकांना म्हणाली, "पुरे बाप्पा, उपासाले इतकं गोड खाऊ नाही." बस्स. एक शब्द जास्त नाही. बायका हिरमुसल्या आणि पुढच्या अभंगाला लागल्या. तो अभंग आमच्या घरात इतका जोरात कधीच म्हटला गेला नव्हता. मास्तरीणबाईंच्या झांजा तर कोणाचं ऐकेनात. आता नर्स म्हणून सांगते, एका गोळीत किती थेंब असणार? तेवढ्याने कोणी झिंगत नाही, ती सगळी गोडाची आणि कौतुकाची नशा. पण त्या वेळी मला हे काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की आत्या माझ्याकडे बघत नाहीये, आणि नागपूर माझ्या हातातून चाललं आहे.

बायका गेल्या. बाबा ऑफिसातून आले, चपला काढत होते. आत्याने मला समोर बसवलं.

"काय घातलं याच्यात?"

"खजूर, अक्रोड, शेंगदाणे, कोको, दूध, मनुका."

"मनुका कायच्यात भिजवल्या?"

"संत्र्याच्या रसात. मीच पिळला. देवाशप्पथ, आत्या."

ताटातली एक गोळी उचलून तिने माझ्या नाकाशी धरली. "हुंग."

"चॉकलेटचा वास आहे."

"चॉकलेटच्या मांगं काय हाय, थे सांग."

मी पुन्हा वास घेतला. खजुराच्या मागे, संत्र्याच्या मागे, तो जड वास होता. लीनाबाईंच्या घराचा.

"दारू हाय थे," आत्या म्हणाली.

मी घाबरले होते, आणि घाबरले की माझं तोंड जास्त चालतं. मी म्हटलं, "मास्तरीणबाईंना नाही कळलं, इतक्या बायकांपैकी कोणालाच नाही कळलं. तुलाच कसं कळलं?"

"सुमे, गप्प!" बाबा दारातून ओरडले. बाबा माझ्यावर कधी ओरडत नसत.

"राहू दे मधू," आत्या म्हणाली. "मोठी झाली आता थे."

मग तिने सांगितलं. न रडता, न ओरडता, तांदूळ निवडताना बोलावं तसं. तिचे यजमान तापाने गेले नव्हते. कापसाच्या जिनिंग कारखान्यात मुनीम होते, चांगला माणूस, पण संध्याकाळ झाली की हा वास घरी यायचा. घरातलं एकेक भांडं गेलं, अंगावरचं सोनं गेलं, आणि शेवटी त्यांच्या तोंडातून रक्त यायला लागलं तेव्हा यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. "मी खाटेपाशी नाही गेली," आत्या म्हणाली. "दारात उभी राह्यली. लय राग होता माह्या मनात. म्हटलं, भोग आता. कपडे घाण, अंथरूण घाण, थो हात वर करून करून मले बोलावून राह्यला होता. गोदा, गोदा. मी नाही हलली."

बाबा भिंतीकडे बघत होते.

"तवा थे एक पोट्टी आली. नर्स. तुह्याएवढी असन. कुठली दूरची, मराठीही धड येत नव्हती तिले. तिनं त्याले धुतलं, पुसलं, कपडे बदलवले, त्याचं डोकं आपल्या हातावर घेतलं अन् पाणी पाजलं. थो तिलेच गोदा म्हणायले लागला. अन् थे पोट्टी, सुमे, थे पोट्टी 'हो' म्हणत होती. थो गोदा म्हणे, थे हो म्हणे. त्याचा जीव जाईपर्यंत थे हो म्हणत राह्यली. माह्या जागी."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडले. कशासाठी रडले ते मला तेव्हा नीट कळत नव्हतं. तिच्यासाठी, त्या माणसासाठी, नाव माहीत नसलेल्या त्या मुलीसाठी. आत्या माझ्या केसांतून हात फिरवत होती आणि म्हणत होती, "उठ वं, रडते कायले, उपासाचं डोकं दुखन." त्या संध्याकाळी मला समजलं की मी तिला बिलकुल ओळखत नव्हते.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. सकाळी पारणं करायचं सोडून आत्या नऊवारी नेसून बाहेर निघाली. हातात डॉक्टरांचं ताट, त्यात मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगा, कारण कोणाचं भांडं रिकामं परत करायची आमच्यात पद्धत नव्हती. "चाल," एवढंच मला म्हणाली. रस्ताभर मी विचारत होते, आत्या, तू भांडणार आहेस का? लीनाबाईंची काही चूक नाही गं. ती भराभर पुढे चालत होती. डॉक्टरांच्या फाटकाशी मी मागे रेंगाळले. ती सरळ आत गेली, उंबरा ओलांडला आणि बैठकीतल्या खुर्चीच्या टोकावर बसली.

लीनाबाई तिला बघून इतक्या गडबडल्या की प्लास्टरच्या हातानेच नमस्कार करायला गेल्या. मी काय झालं ते सांगितलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला, त्या धावत फडताळाकडे गेल्या आणि दोऱ्याची बरणी उघडून तिचा वास घेतला. "पण रसच होता गो! मी स्वतः बघितला!" तेवढ्यात आतून डॉक्टर आले, अर्धी दाढी केलेली, गालाला साबण. त्यांना आपला गुन्हा माहीतच नव्हता. "ती लहान बरणी? त्यात तर नुसता रस होता. नाताळ आणि मनुका रसात? मला वाटलं लीना विसरली. दया आली, म्हणून मी माझ्या बाटलीतली घातली." आणि मग आत्याकडे, माझ्याकडे आणि बायकोकडे बघून त्यांचं हसू विरत गेलं. साबण तसाच वाळत राहिला.

लीनाबाई आत्यासमोर जमिनीवरच बसल्या. डोळ्यांत पाणी. "आत्याबाई, तुमची एकादशी मोडली. माझ्या घरानं मोडली. माझ्या हातून पाप झालं. मी कशी माफी मागू? चहा तरी घ्या."

"चहा नाही चालत. आज उपास हाय माहा," आत्या म्हणाली. "कालचा मोडला, म्हून आज धरला." तिने शेंगांचं ताट बाईंच्या पुढ्यात सरकवलं आणि पदर सावरला.

"अन् माफीबिफी राहू द्या," ती म्हणाली. "पोरगी नागपूरले कधी पाठवायची, तेवढं सांगा."